त्या दुपारी व्हॅनमध्ये काय लागलं होतं

१२ फेब्रुवारी

दादा,

तुझा पत्ता आईने दिला. आधी देत नव्हती. भांडणार असशील तर नको, म्हणाली. मी म्हटलं, भांडायला अंगात जोर लागतो, तेवढा नाहीये. हे ऐकून तिने लगेच लिहून दिला आणि वर विचारलं, जेवतेस ना नीट? यावरून तिची तब्येत उत्तम आहे हे तुला कळलं असेलच.

फोन केला नाही. तू आईशिवाय कुणाचा उचलत नाहीस म्हणे. आणि उचलला असतास तर मला पुढचं काही सुचलं नसतं. पत्राचं बरं असतं, मध्येच गप्प बसलं तरी समोरच्याला ऐकू जात नाही.

मी ठीक आहे. खोली तीच, लाँड्रीच्या वरची. दुपारभर खालून वाफ येते आणि गिटार सुरातून उतरते. मी परत चढवते. शिकवण्या चालू आहेत. सध्या एक दातांचे डॉक्टर येतात. बायकोच्या पन्नासाव्या वाढदिवसाला एकच गाणं वाजवून दाखवायचंय, बाकी काही शिकवू नका, म्हणाले. बोटं छान आहेत त्यांची, पण तार दाबताना स्वतःच तोंड उघडतात. मी हसत नाही. पूर्वी हसले असते आणि घरी येऊन तुम्हाला नक्कल करून दाखवली असती.

मध्ये एक गमतीचं काम मिळालं. लिफ्टचा आवाज. एका नव्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ आणि ‘तिसरा मजला, क्ष-किरण विभाग’ हे आता मी म्हणते. रेकॉर्डिंगवाल्याने आधीच बजावलं, भावना नकोत, माणसं आधीच घाबरलेली असतात. मी पहिल्याच टेकला पास झाले. आपल्या अल्बमच्या वेळी माझ्या एकेका ओळीपायी तू काचेपलीकडे डोकं धरून बसायचास, आणि इथे तो माणूस म्हणाला, वा, अगदी कोरा आवाज आहे तुमचा.

शनिवारी कॉफीच्या दुकानात वाजवते अजून. गात नाही, नुसती वाजवते. मालकाला वाटतं माझा घसा बसलाय. दीड वर्षं बसलेला घसा. तो बिचारा दर वेळी गरम पाण्यात मध घालून आणून देतो आणि मी पिते.

ठोकळ्या गेल्यापासून नवीन काही ऐकलंच नव्हतं. ठरवून नाही. आपल्या तिघांच्या बँडमध्ये गाणी शोधून आणायचं खातं त्याचं होतं, आणि माणूस गेला की त्याचं खातं बंद पडतं, तेवढंच. ‘माल आलाय’ म्हणत तो दारात उभा राहायचा, आणि गाणं संपेपर्यंत आपण दोघांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. तू एकदा शिंकलास तर त्याने गाणं पहिल्यापासून लावलं होतं.

पण परवा जुन्या सामानाच्या दुकानात एक कॅसेट मिळाली. नाव घासून गेलेलं. कुठल्याशा खाणीतल्या कामगारांचा बँड आहे, नुसती पितळी वाद्यं आणि एक ढोल. सगळे थोडे बेसूर आहेत, पण सगळे सारखेच बेसूर, त्यामुळे ऐकताना चूक आपलीच वाटते. चांगलं आहे. चांगलं आहे हे मला कळलं. दाताला बधिर करायची सुई दिल्यावर ओठ चावला गेला तर कसं, चावला गेला हे कळतं आणि त्यापुढे काही नाही. तसं.

आता खरं कारण. बाईंचा फोन आला होता. तुला आणि मला त्या ठोकळ्याची आई म्हणून आधी माहीतच नव्हत्या, पीटीच्या बाई म्हणूनच माहीत होत्या, आणि फोनवर अजून तशाच बोलतात. म्हणाल्या, त्याचे ड्रम खोलीत पडून आहेत, येऊन जा. येशील का, असं नाही. येऊन जा.

गेले नाहीये अजून.

— बारकी


२ मार्च

दादा,

गेले शेवटी.

बाई आता एकट्याच असतात. घर होतं तसंच. दारातल्या चपलासुद्धा रांगेत, टाचा भिंतीकडे. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, टाक्यांची खूण दिसते का बघायला, आणि म्हणाल्या, बरी भरलीय. मग मला त्याच्या खोलीत घेऊन गेल्या.

ड्रम बघून माझ्या तोंडून हाय निघालं. बाईंनी झांजा घासल्यात. भांडी घासायच्या पावडरने, चिंध्या घेऊन, दोन्ही बाजूंनी. पाच वर्षं त्याने त्या झांजांना कुणाचा हात लागू दिला नव्हता. म्हणायचा, हा काळपटपणा म्हणजेच आवाज आहे. आता आरशासारख्या चमकतात आणि आवाज ताटलीचा येतो. बाईच म्हणाल्या, काय, बिघडवल्या का मी? मी म्हटलं, नाही, छान दिसतायत.

मी व्हॅनवाला ठरवून गेले होते. मला वाटलं, उचलायचे, आणायचे, आपल्या खोलीत लावायचे आणि वर चादर टाकायची. तर बाई म्हणाल्या, न्यायचे नाहीत. मला शिकायचंय.

मी त्यांना सांगून पाहिलं, मी ड्रमवाली नाही, मला साधा ठेका येतो, शिकवणारे दुसरे आहेत. एकाचं नावही दिलं. त्या ऐकून घेत होत्या, वर्गात ऐकायच्या तसं, मान हलवत, आणि शेवटी म्हणाल्या, ‘तुला येतं तेवढं शिकव. मला काय कुणाला दाखवायचंय?’

व्हॅनवाल्याला परत पाठवलं.

तर सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी मी बाईंना ड्रम शिकवते. केस घट्ट बांधतात, कॅनव्हासचे बूट घालतात, आणि बसायच्या आधी खांदे फिरवतात. पायाचा ठोका पहिल्या दिवशीच जमला. हात अजून घाबरतात. अडचण एकच, त्या मोठ्याने आकडे म्हणतात. एक, दोन, तीन, चार, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे. मनात म्हणा, असं सांगितलं तर मनात म्हणायला गेल्या की हात थांबतात. मग मी म्हटलं, म्हणा मोठ्याने.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार करायला आले होते. बाईंनी दार उघडलं. त्यांच्या दोन्ही मुलांना बाईंनीच पळायला शिकवलंय. ते म्हणाले, काही नाही, सहज आलो होतो.

तुला हे का लिहितेय माहीत नाही. आई सांगते की तू गोदामात काम करतोस, मालाच्या थप्प्या उचलायची गाडी चालवतोस. गाडी चालवतोस हे ऐकून मला बरं वाटलं का वाईट, ते ठरवता आलं नाही. बेस गिटार विकलीस का? विकली असशील तर सांगू नकोस.

— बारकी


२७ मार्च

दादा,

उत्तराची वाट बघत नाहीये. आपलं लिहितेय.

दोन नवीन कॅसेटी सापडल्यात. माल आलाय, असं म्हणायचं होतं, पण ते शब्द माझ्या तोंडी चांगले दिसत नाहीत.

एक, एका बाईने पाणी काढून टाकलेल्या पोहायच्या तलावात एकटीने बसून गायलेली गाणी. वाद्य नाही. एक ओळ म्हणते आणि थांबते, तिचाच आवाज भिंतींवरून परत येईपर्यंत. पुढची ओळ ती आपल्यासाठी म्हणत नाही, परत आलेल्या आवाजाला उत्तर देते. चौथ्या गाण्यात ती ओळ विसरते आणि तलाव एकटाच वाजत राहतो. मी ते तीनदा ऐकलं. तुला पाठवलं असतं.

दुसरी, एका म्हाताऱ्याच्या अकॉर्डियनची. भात्याचा श्वास आणि त्याचा श्वास एकाच वेळी ऐकू येतात, कुठला कुणाचा ते कळत नाही. प्रत्येक धून संपली की तो खोलीतल्या कुणाला तरी एकच शब्द म्हणतो. भाषा कळत नाही. तो शब्द म्हणजे ‘झालं’ असेल किंवा ‘अजून?’ असेल.

खाणकामगारांची कॅसेट बाईंना ऐकवली. डोळे मिटून, हाताची घडी घालून ऐकली. म्हणाल्या, मुलं शिस्तीतली आहेत, पण ढोलवाला उजव्या पायाने लंगडा असणार. मी परत ऐकलं. दर चौथा ठोका किंचित उशिरा पडतो, खरंच. त्या लंगडा म्हणाल्या ते मात्र मला पटलं नाही. आमचा यावर चांगला अर्धा तास वाद झाला. त्या वादात मला लक्षात आलं की मी बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी आवाज चढवून बोलतेय.

मग त्यांनी विचारलं. मला वाटतं, ड्रम शिकायचं हे सगळं त्या प्रश्नापर्यंत यायलाच होतं. किंवा नसेलही. पाणी प्यायला थांबलो होतो आणि त्या टॉवेलने हात पुसत म्हणाल्या, ‘त्या दुपारी गाडीत काय लागलं होतं?’

मला आधी कळलंच नाही.

‘त्याचं काहीतरी नवीन चालू असायचं ना नेहमी. पुढे बसला होता तो. शेवटी काय ऐकत होता, एवढंच मला हवंय.’

मी सांगितलं की मला माहीत नाही. मी मागे होते, अँपच्या पेटीला टेकून झोपलेले. जेवून निघालो होतो, ऊन होतं, मी गाडी सुटल्या सुटल्या झोपले. जागी झाले तेव्हा गाडी झाडाला लागलेली होती आणि सगळं शांत होतं. बाई म्हणाल्या, मग कोणाला माहीत असणार? त्यांनीच उत्तर दिलं. ‘त्यालाच.’

तुझं नाव घेतलं नाही, पण आवाजात राग नव्हता. मी कान देऊन ऐकलं, राग असता तर मला कळला असता. माझ्यात तो आहे, त्यामुळे मला ओळखता येतो.

तर दादा, हे विचारायला लिहितेय. गाडी चालवताना तू का झोपलास हे मी विचारत नाही. ते तेव्हा पोलिसांनी विचारलं, आईने विचारलं, मी विचारलं नाही, आणि मग आपण बोलायचंच थांबलो. माझ्या मनात काय आहे ते सांगते आणि विषय संपवते. तुम्ही दोघे पुढे गाणं मोठं लावून नेहमीसारखे खिदळत असणार, तो डॅशबोर्डवर बोटांनी वाजवत असणार, तू त्याच्याकडे बघत असणार. झोप लागली हे तू नंतर सांगितलंस, मला ते खरं वाटलं नाही. आवाज चालू असताना कुणी झोपतं का?

जे असेल ते असो. बाईंना फक्त गाणं हवंय. आठवत असेल तर कळव. मला नको, त्यांना कळव. त्यांचा नंबर तोच आहे.

— बारकी


१९ एप्रिल

दादा,

तू कळवलं नाहीस. ठीक.

बाईंनी परत विचारलं नाही. मंगळवार-शुक्रवार चालू आहे. आता दोन्ही हात वेगळे चालतात, आणि चुकल्या की स्वतःलाच शिट्टी वाजवतात. खरी शिट्टी, गळ्यात असते.

दातांच्या डॉक्टरांचा कार्यक्रम झाला. बायको रडली म्हणे. माझ्यासाठी त्यांनी मोठ्ठा पुष्पगुच्छ आणला आणि मी तो बादलीत ठेवला, फुलदाणी नाही म्हणून. दोन दिवस बादली नसल्याने आंघोळीची पंचाईत झाली, मग फुलं खाली लाँड्रीवालीला दिली. तिने ती इस्त्रीच्या टेबलावर ठेवलीत.

आईच्या गुडघ्यांचा फोटो काढायला त्याच इस्पितळात गेलो होतो. लिफ्टमध्ये शिरलो आणि मी म्हणाले, तिसरा मजला, क्ष-किरण विभाग. आईने माझ्याकडे बघितलं, तोंड बंद होतं माझं. मग वर छताकडे बघितलं. मी तिला सांगितलं. बाहेर पडल्यावर माझा हात धरला आणि पार्किंगपर्यंत सोडला नाही. मला वाटतं तिला तो आवाज आवडला नाही.

गेल्या शनिवारी दुकानात एका मुलीने आपलं गाणं वाजवायला सांगितलं. अल्बममधलं तिसरं. तिला आपण कोण हे माहीत होतं, आणि तिला झालेलं माहीत नव्हतं. तुमचा ड्रमर फार मस्त आहे, म्हणाली, कुठे असतो हल्ली? मी म्हटलं, बाहेरगावी. गाणं वाजवलं, शब्दांशिवाय. बेसची जागा मोकळी गेली. मी ती भरायचा प्रयत्न केला नाही.

याहून जास्त काही नाही.

— बारकी


११ मे

दादा,

तू फोन ठेवल्यावर काय झालं ते सांगते, कारण तू ठेवलास.

तू फोन केलास तेव्हा मी तिथेच होते. हे तुला माहीत नसणार. मंगळवार होता. मी जमिनीवर बसून स्नेअर ड्रमचं कातडं चावीने ताणत होते आणि बाई खिडकीपाशी शेंगांचे दोरे काढत होत्या. फोन कानाला लावला की डोकं दुखतं असं त्यांचं म्हणणं असल्याने त्या नेहमी स्पीकरवर बोलतात. अनोळखी नंबर होता. तू म्हणालास, बाई, मी बोलतोय. त्यांनी नाव विचारलं नाही. ‘बोल,’ म्हणाल्या.

तुझा आवाज दीड वर्षांनी ऐकला. थोडा जाड झालाय. मागे गोदामातल्या गाड्यांचे भोंगे वाजत होते.

तू म्हणालास ते मी इथे लिहिते, कारण मला ते लिहून बघायचंय.

‘काही लागलं नव्हतं, बाई. आधी लागलं होतं, मोठ्याने. मग तो झोपला, मान माझ्याकडे करून. बारकी मागे झोपलीच होती. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी बंद केलं. मग सगळं शांत झालं.’

तू थांबलास. बाई म्हणाल्या, ‘मग?’

‘मग मला कळलं नाही.’

आणि तू ठेवलास.

मी चावी फिरवतच राहिले होते. कातडं इतकं ताणलं गेलं की बोट लावलं तर पत्र्यासारखं वाजेल. बाईंनी माझ्या हातातून चावी काढून घेतली आणि म्हणाल्या, पुरे.

मग त्या परत खुर्चीवर बसल्या आणि मला विचारलं, ‘झोपला होता?’ मी म्हटलं, हो. ‘म्हणजे त्याला कळलंच नसेल काही.’ मी म्हटलं, नसेल. त्यांनी हेच दोन-तीनदा विचारलं, शब्द थोडे थोडे बदलून, आणि मी दर वेळी तेच उत्तर दिलं. मला त्या दिवशी कळलं की इतके दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे तो जागा होता. झाड येताना बघत होता. गाणं हवं होतं ते म्हणूनच, निदान कानात काही चांगलं होतं असं म्हणता यावं.

शेंगा तशाच ठेवून त्या आत गेल्या आणि धुतलेले कप परत धुतले. मी बाहेर ऐकत होते. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पुसलेला होता आणि त्या तुझ्यावर चिडलेल्या होत्या. दादा, खरंच चिडलेल्या, पण भलत्याच गोष्टीवरून.

‘पोरं झोपली म्हणून आवाज बंद केला. मीसुद्धा केला असता. कुणीही केला असता. आणि हे एवढं तो एकटा घेऊन बसलाय तिकडे? गाढव आहे का तो?’

मी म्हटलं, आहे.

घरी चालत आले. तुझ्यावरचा राग मी इतके दिवस एका चित्रावर ठेवला होता. तुम्ही दोघे, गाणं, खिदळणं. ते चित्र नव्हतंच. तिथे तू एकटा जागा होतास, आणि माझी झोप मोडू नये म्हणून बटण बंद केलंस. आता तो राग कुठे ठेवायचा ते मला सुचत नाहीये. माफ केलं वगैरे मी म्हणणार नाही. तसं काही आत झालेलं जाणवत नाही. रडूही आलं नाही. खोलीत आले, वाफ आलेली होती, गिटार उतरलेली होती, मी ती चढवली. मग ती तलावातली बाई लावली आणि ती ओळ विसरते तिथे मी तिच्याऐवजी ओळ म्हटली. हलक्या आवाजात. शब्द माहीत नव्हते, नुसती चाल. एवढंच झालं. तुला सांगण्यासारखं आहे म्हणून सांगितलं.

शुक्रवारी बाईंकडे गेले तर त्या बॅग भरत होत्या. शांतपणे म्हणाल्या की येत्या नाही, त्यापुढच्या शनिवारची तिकिटं काढ, दोन. मी विचारलं, कुठली? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मोबाईल काढला.

तर आम्ही येतोय. आईलाही सांगितलं, ती म्हणाली मी नंतर येईन, आधी बाईंना जाऊ दे. सकाळच्या गाडीने निघू, दुपारी पोचू. स्टेशनवर यायची गरज नाही. रजा मात्र टाक. घर आवर. नखं काप, बाईंनी अजून सवय सोडलेली नाही, माझी दर मंगळवारी बघतात.

आणि एक. जे तू बंद केलंस ते कोणतं होतं, हे विचारायचं राहिलंय, असं बाई म्हणतात. फोनवर नको, समोर बसून ऐकायचंय त्यांना. नाव आठवत नसेल तर चाल आठव. चाल नसेल आठवत तर बेसची ओळ तरी तुझ्या बोटांना आठवेल. तेवढ्यावरून बाकीचं मी शोधून काढते.

— बारकी